पंचेचाळीस टक्के पाय

१९७८ च्या एप्रिलमध्ये आठ वर्षांच्या एका मुलाला मोटारीने धडक दिली. जीव वाचला, पण अपंगत्व कायमचं मागे लागलं. त्याच्या वतीने नुकसानभरपाईचा दावा झाला. मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणाचा निकाल आला १९९० च्या डिसेंबरात. रक्कम अडीच लाखांच्या आसपास. ती पुरेशी नव्हती म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अपील केलं. त्या अपिलाचा निकाल लागला नोव्हेंबर २०१४ मध्ये, आणि रक्कम झाली जवळपास चाळीस लाख, वर नऊ टक्के व्याज. तोवर आठ वर्षांचा मुलगा चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता. इतक्या वर्षांचं व्याज एकदम हाती आल्यावर आयकराचा प्रश्न उभा राहिला आणि त्याला पुन्हा उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की दावा दाखल झाल्यापासून निकालापर्यंतचं, आणि अपील झालं असेल तर अपिलाच्या निकालापर्यंतचं व्याज हा भरपाईचाच भाग आहे, त्यावर कर लागत नाही.

वकील मंडळी हा निकाल आयकराचा म्हणून वाचतात. मला त्यातल्या तारखाच जास्त बोलक्या वाटतात.

उदाहरण टोकाचं आहे, मान्य. पण अपघातात जखमी झालेल्या माणसाचं अपील एवढं का रेंगाळतं आणि त्यात नेमका वाद कशाचा असतो, हे पाहायला ते उपयोगी पडतं. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. वर्तमानपत्रात पहिला आकडा मोठ्या टायपात येतो. कोर्टकचेरीत मात्र दुसरा आकडा अधिक किचकट ठरतो.

मेलेल्या माणसाचा हिशेब आता बराचसा ठरून गेला आहे. २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वयानुसार गुणकाचा, म्हणजे वर्षाची कमाई कितीने गुणायची त्या आकड्याचा, तक्ता घालून दिला. वय १५ ते २५ असेल तर १८, २६ ते ३० ला १७, असं उतरत पासष्टीच्या पुढे ५. पुढे २०१७ मध्ये प्रणय सेठी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने भविष्यात वाढू शकणाऱ्या कमाईचे टक्के ठरवले. स्वतःचा धंदा असलेला किंवा ठरावीक पगारावरचा माणूस चाळिशीच्या आत असेल तर उत्पन्नात ४० टक्के मिळवायचे, चाळीस ते पन्नासमध्ये २५, पन्नास ते साठमध्ये १०. ही दोन नावं वकिलांच्या तोंडी इतकी रुळली आहेत की ती हाडामांसाच्या माणसांची आहेत हेच विसरायला होतं. उत्पन्न, वय, अवलंबून असलेली माणसं एवढं कळलं की मृत्यूच्या दाव्याची रक्कम अनुभवी कारकूनही कागदावर मांडून दाखवतो.

जखमी माणसाच्या बाबतीत या हिशेबात आणखी एक आकडा घुसतो: अपंगत्वाची टक्केवारी. आणि अपिलांचा डोंगर उभा आहे तो मुख्यतः या आकड्यावर.

दिल्लीकडच्या एका चीजविक्रेत्याचा खटला इथे समजून घ्यायला हवा. कोर्टात तो राजकुमार खटला म्हणून ओळखला जातो. अपघात १ ऑक्टोबर १९९१ चा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८ ऑक्टोबर २०१० चा. हाडं मोडली होती आणि डाव्या पायाला ४५ टक्के कायमचं अपंगत्व आल्याचा दाखला होता. न्या. आर. व्ही. रवींद्रन यांनी निकालपत्रात या ४५ टक्क्यांचा जो उलगडा केला, तो आजही देशभरच्या न्यायाधिकरणांत वापरला जातो. ४५ टक्के हे त्या एका पायाचे. सगळ्या शरीराचे नव्हेत. संपूर्ण शरीराचा विचार केला तर ते २५ धरता येतील. आणि त्या माणसाची कमाई? फिरून माल विकणाऱ्याला त्रास होणार, पण धंदा पूर्ण बंद पडणार नाही, म्हणून कमाईच्या क्षमतेतली घट २० टक्के. पाय एक, माणूस एक, आकडे तीन. भरपाई ठरते ती तिसऱ्यावर.

याच निकालात डावा हात तुटलेल्या माणसाचं उदाहरण आहे. दाखल्यावर अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास लिहिलेलं असेल. तो ड्रायव्हर किंवा सुतार असला तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. तोच सरकारी कचेरीतला कारकून असला तर नोकरी कदाचित तशीच राहील. मग कमाईच्या नुकसानीपोटी फारसं मिळणार नाही, पण हात गमावल्याने आयुष्यातलं जे सुख गेलं त्यासाठी वेगळी आणि अधिक रक्कम द्यावी लागेल. म्हणजे न्यायाधीशाने विचारायचं ते एवढंच की हा माणूस काय काम करत होता, आता काय करू शकतो आणि पोटासाठी दुसरं काही करू शकेल का.

आकड्यांत सांगायचं तर समजा बत्तीस वर्षांचा एक गवंडी आहे, कमाई महिना १५,००० रुपये. वर्षाचे १,८०,०००. त्यात ४० टक्के मिळवले की २,५२,०००. त्या वयाचा गुणक १६, म्हणजे ४०,३२,०००. जखमी स्वतः जिवंत असल्याने मृत्यूच्या दाव्यात होते तशी स्वतःच्या खर्चाची वजावट इथे होत नाही. आता कमाईतली घट ३० टक्के धरली तर हाती १२,०९,६०० येतात, ६० टक्के धरली तर २४,१९,२००, आणि परांचीवर चढणं कायमचं संपलं असं मानून शंभर धरली तर पूर्ण ४०,३२,०००. दवाखान्याची बिलं, वेदना, पुढचे उपचार हे सगळं वेगळं. एका टक्क्यामागे चाळीस हजारांहून अधिक रुपये असतील तर विमा कंपनी आणि जखमी दोघंही अपिलात का जातात, हे निराळं सांगायला नको.

या टक्क्यांवरून वरच्या न्यायालयांत काय काय झालं, त्याचे तीन मासले देतो. मध्य प्रदेशातला चोवीस वर्षांचा सुतार, मोटारसायकलवरून जाताना २०११ मध्ये अपघात, दोन्ही हात निकामी. दाखला ९० टक्क्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं की सुताराचे दोन्ही हात गेले तर कमाई शंभर टक्के गेली, आणि भविष्यातल्या वाढीचे टक्केही त्याला मिळाले पाहिजेत. दुसरा, पन्नाशी ओलांडलेला हातगाडी ओढणारा माणूस. पाय कापावा लागला. खालच्या न्यायाधिकरणाचं म्हणणं होतं की दुसरं काही काम करता येईल, म्हणून ५० टक्के. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ९० केले. या वयात, या शिक्षणावर, एका पायाने कुठलं दुसरं काम मिळणार होतं? तिसरा दिल्लीतला, संगणकावर माहिती भरण्याचं काम करणारा विशीतला तरुण. उजवा हात गेला. दाखला ८९ टक्क्यांचा. तो दुसरं काम करू शकतो असं धरून दिल्ली उच्च न्यायालयाने घट ४५ टक्क्यांवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ती ६५ केली.

तिन्ही ठिकाणी खालच्या न्यायालयांनी कायदा चुकीचा वाचला होता असं मला वाटत नाही. माणसाच्या कामाकडे पुरेसं पाहिलं नव्हतं. गाडी ओढणं, रंधा मारणं, टंकन करणं म्हणजे दिवसभर नेमकं काय करणं, हे ज्याने कधी पाहिलं नाही त्याला टक्का ठरवायचा असतो. आणि ते त्याला दाखवून देण्याची जबाबदारी ज्याची, त्याची तयारी बहुतेक वेळा कच्ची असते.

इथे डॉक्टर येतात. जिल्हा न्यायालयात क्लेमच्या दाव्यांचा बोर्ड चालू असताना बसून पाहिलं तर सगळ्यात जास्त तारखा कशासाठी पडतात हे कळायला वेळ लागत नाही: डॉक्टर साक्षीला आले नाहीत म्हणून. अपंगत्वाचा दाखला नुसता फाइलला लावून चालत नाही; ज्याने तो दिला त्याने पिंजऱ्यात येऊन तो शाबित करावा लागतो आणि विमा कंपनीच्या वकिलाच्या उलटतपासाला तोंड द्यावं लागतं. ज्याने शस्त्रक्रिया केली तो सर्जन मोठ्या इस्पितळात गुंतलेला. मग दावेदार अशा डॉक्टरकडे जातो जो दाखलाही देतो आणि साक्षही. त्याने जखमीवर कधी उपचार केलेले नसतात, आणि उलटतपासातला पहिला प्रश्न तोच असतो. दुसरा प्रश्न: ही टक्केवारी त्या अवयवाची की पूर्ण शरीराची? उत्तर गुळमुळीत आलं की अपिलातला मुद्दा तिथेच तयार झाला. मागाल तितके टक्के लिहून देणारे दाखले चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाला ठाऊक आहे. राजकुमार निकालात त्याबद्दल इशारा आहे. पण त्याच निकालात न्यायाधिकरणांनाही बजावलं आहे की वैद्यकीय पुरावा चालू असताना गप्प बसून पाहू नका, गरज पडली तर वैद्यकीय मंडळाकडे पाठवा, उपचार करणाऱ्या डॉक्टरला ताटकळत ठेवू नका, त्याची साक्ष कमिशनवर घेता येते. या दुसऱ्या भागाची अंमलबजावणी फार थोड्या ठिकाणी दिसते.

जखमीचा स्वतःचा उलटतपासही ठरलेला असतो. तुम्ही आज चालत कोर्टात आलात, हे खरं आहे का? सही उजव्या हाताने केली, हे खरं आहे का? खरं असतं, म्हणून माणूस हो म्हणतो. एक जिना चढायला दहा मिनिटं लागली, हे त्याला कोणी विचारत नाही आणि त्याचा वकील नंतर विचारायला विसरतो. नोंद राहते ती फक्त ‘हो’ची. अपिलात न्यायमूर्तींसमोर माणूस नसतो. असतात निशाण्या मारलेले कागद. नवा पुरावा अपिलात क्वचितच घेतला जातो. खाली जे नोंदवलं गेलं नाही ते वर नाही.

कमाईच्या पुराव्याचीही हीच रड. पगारपत्रक असलेल्याचं सोपं असतं. शेतकऱ्याला विमा कंपनी म्हणते, जमीन तर तुमच्याकडेच आहे, ती कुठे जखमी झाली? गेली असेल तर देखरेखीची मजुरी. या युक्तिवादाला आधार आहे. जमीन शिल्लक राहते आणि तिचं उत्पन्न पूर्ण बुडत नाही, असं न्यायालयांनीही म्हटलं आहे. मग सातबारा दाखवून भागत नाही. ऊस कारखान्याचं बिल, डेअरीची पंधरवड्याची पट्टी, आडत्याकडची पट्टी, अपघातानंतर वाट्याने द्यावी लागलेली जमीन, ठेवलेला गडी, हे सगळं लागतं. मजुराकडे तर कागदाचा चिटोराही नसतो. बंगळुरूच्या एका हमालाने महिना ४,५०० कमवतो म्हणून सांगितलं, न्यायाधिकरणाने ३,००० धरले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ४,५०० मान्य करताना म्हटलं की अशा माणसाकडून कागदाची अपेक्षाच कशी ठेवायची. आकडा अवाजवी नसेल तर तो धरावा.

आणि घर चालवणारी बाई. ‘अर्जदार क्रमांक १ काही कमावत नव्हती’ हे वाक्य विमा कंपन्यांच्या लेखी म्हणण्यात वर्षानुवर्षं छापील येत आलं आहे. जानेवारी २०२१ च्या एका निकालात न्या. रमणा यांनी सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा दाखला दिला: घरातल्या बिनपगारी कामांत बायकांची दिवसाची २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. तो खटला मृत्यूचा होता. पण मनगट मोडलेल्या, पाठीचा कणा दुखावलेल्या गृहिणीच्या अपिलातही तो वापरता येतो आणि वापरला पाहिजे.

वेदनेचं मोल कसं करायचं, यावर सगळी न्यायशास्त्रं थोडीफार हात टेकतात. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हरियाणातल्या एका मुलीचं प्रकरण होतं. ऑक्टोबर २००७ मध्ये, बारा वर्षांची असताना, आई-वडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जाताना ट्रकने धडक दिली. मेंदूला झालेल्या इजेने तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी उरली. न्यायाधिकरणाने ११ लाखांच्या वर दिले, उच्च न्यायालयाने सुमारे २५ लाख ७८ हजार, सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाखांच्या वर. वाढलेल्या रकमेत मला महत्त्वाचा वाटला तो सांभाळणाऱ्या बाईचा हिशेब. चोवीस तास बघायचं तर दोन माणसं लागतात, प्रत्येकी महिना ५,००० धरले, आणि त्यालाही गुणक लावला १८: एकूण २१,६०,०००. परिचारिकेसाठी एक ठोक रक्कम टाकून मोकळं होणंही चालायचं. वेदना आणि हिरावलेल्या आयुष्यापोटी १५ लाख दिले. अपघात ते अंतिम निकाल, बारा वर्षं उलटून गेली. आणि भरपाई एकदाच ठरते. पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, कृत्रिम पाय बदलावा लागला म्हणून पुन्हा दारात जाता येत नाही. २००२ सालीच ते स्पष्ट झालं आहे. म्हणून पुढच्या उपचारांचा अंदाज डॉक्टरकडून साक्षीतच वदवून घ्यावा लागतो.

आता अपिलाची चाकोरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७३ खाली निकालापासून नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात जायचं. ज्याने पैसे द्यायचे आहेत त्याने अपील करताना २५,००० रुपये किंवा निकालाच्या रकमेच्या निम्मे, यांतलं जे कमी असेल ते आधी भरायचं. वाद एक लाखाच्या आतला असेल तर अपीलच नाही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा दहा हजार होती. कंपनीला वसुलीला स्थगिती हवी असते आणि त्यासाठी न्यायालय सहसा व्याजासह रक्कम जमा करायला लावतं. मग जखमीचा अर्ज: जमा पैशांतले थोडे काढू द्या. काही भाग हमीपत्रावर मिळतो, उरलेला मुदत ठेवीत जातो. नाझराकडच्या नोंदी, बँकेची पावती, ओळख पटवणारा वकील या फेऱ्यांत महिने जातात. ज्याला कुबड्यांवर उभं राहायचं आहे त्याला या फेऱ्या मारायच्या असतात.

पश्चिम महाराष्ट्र आणि तळकोकणात यातला एक भार २०२५ मध्ये हलका झाला. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिलं तिथे गेली. विदर्भाला नागपूर, मराठवाड्याला संभाजीनगर, गोव्याला पर्वरी आधीपासून होतंच. कुडाळच्या जखमीला मुंबईची रात्रभराची गाडी पकडावी लागत नाही, ही छोटी गोष्ट नाही. पण न्यायालय जवळ आलं म्हणून जुन्या फर्स्ट अपिलांचा गठ्ठा आपोआप कमी होईल, या भ्रमात मी नाही.

विमा कंपन्यांची बाजूही सांगायला हवी. खोटे दावे होतात: अपघात घडलाच नाही अशा गाड्या कागदोपत्री उभ्या करणं, नसलेला विमा दाखवणं. उत्तर प्रदेशात अशा प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. ज्या ड्रायव्हरकडे परवाना नव्हता त्याची जबाबदारी कंपनीने का घ्यावी, हा प्रश्नही गैर नाही. २००४ च्या स्वरन सिंग निकालाने त्यावर तोडगा काढला की जखमीला कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात हजार किलोंच्या आतलं मालवाहू वाहन चालवू शकतो का, यावरून वर्षानुवर्षं अपिलं होत राहिली. तो वाद ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने ‘चालवू शकतो’ असं सांगून मिटवला. तरीही कंपन्यांच्या वकिलांच्या पॅनेलवरून ठरलेल्या साच्यातली अपिलं येतच राहतात, हे मला पटत नाही. दोन-पाच टक्क्यांच्या वादासाठी सात वर्षं व्याज चढू देणं हा कुठला व्यवहार?

जखमीच्या बाजूची एक चूक मात्र वारंवार होते. कंपनीने अपील केलं की दावेदार नुसता उत्तर द्यायला जातो. आपल्याला कमी मिळालं म्हणून स्वतःचं अपील किंवा उलट हरकत दाखल करत नाही. आपल्याकडच्याच एका मृत्यूच्या दाव्यात उच्च न्यायालयाने योग्य भरपाई ४९ लाखांच्या वर होते असं मान्य केलं, पण घरच्यांनी स्वतंत्र अपील केलं नाही म्हणून वाढ नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते अति तांत्रिक म्हणून फिरवलं. ज्या विधवेला दिल्लीपर्यंत जाता आलं तिला न्याय मिळाला. किती जणी जातात?

नात्यातलं कोणी अपघातात सापडलं असेल तर एवढं करा. १ एप्रिल २०२२ पासून दावा सहा महिन्यांत लावायचा नियम आहे. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं असलं तरी मुदत पाळा. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो; तो गेला का, विचारा. डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, क्ष-किरण, अपघाताआधीच्या कमाईचा प्रत्येक कागद एका पिशवीत ठेवा. वकिलाला तुमचं काम सांगा, नुसती जखम नव्हे: किती वजन उचलत होता, किती वेळ उभे राहत होता, आता काय जमत नाही. डॉक्टरच्या साक्षीचा आग्रह धरा. लोकअदालतीत तडजोड करण्यात काही वावगं नाही, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, हे कळल्यावरच सही करा. आणि निकाल लागला त्याच आठवड्यात प्रमाणित नकलेचा अर्ज द्या. नक्कल मिळायला लागणारे दिवस नव्वदमध्ये धरले जात नाहीत, तुमच्या आळसाचे धरले जातात.